आग एक, आकडे तीन: फायर सर्व्हिसची आकडेवारी नक्की बनते कशी?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. डेटा अ‍ॅनालिसिसचा कोर्स करतोय. शेवटच्या प्रोजेक्टला विषय घेतला अग्निशमन दलाची आकडेवारी. सोपा वाटला म्हणून घेतला, कारण इंग्लंडचे तक्ते सरकारी साइटवर आयते मिळतात, दर तिमाहीला नवे येतात, वर्ष मार्चअखेरचं धरतात. म्हटलं दोन आलेख काढू आणि मोकळे होऊ. कसलं काय.

पहिला गोंधळ: दल जितक्या घटनांना जातं त्यातल्या साधारण ४० टक्के ‘फॉल्स अलार्म’ आहेत. म्हणजे पाचातल्या दोन खेपा फुकट? एवढं असेल तर कुणी काही करत का नाही?

दुसरा: मागे एका तिमाहीचा आकडा वहीत उतरवला होता. पुढच्या वेळच्या फाइलमध्ये त्याच तिमाहीचा आकडा बदललेला. फरक किरकोळ, पण संपलेल्या तिमाहीतली आग नंतर कशी वाढते?

तिसरा: १९ जुलै २०२२. इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांवर गेला, कॉनिंग्जबीला ४०.३ नोंदला. त्या दिवशी लंडनच्या दलाला २६०० हून जास्त फोन आले अशी बातमी आहे. पण घटनांच्या फाइलमध्ये त्या तारखेच्या ओळी त्याहून बऱ्याच कमी दिसतात. बाकीचे फोन गेले कुठे?

आणि तुलनेसाठी भारताचा आकडा घ्यावा म्हणून एनसीआरबीचा (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा) अपघाती मृत्यूंचा अहवाल उघडला तर डोकंच फिरलं. २०२२ मध्ये आगीचे अपघात ७,५६६ आणि त्यातले मृत्यू ७,४३५. म्हणजे आग लागली की माणूस गेलाच?

हे आकडे कोण भरतं, कधी भरतं, कशावरून भरतं, हे कुणाला आतून माहीत असेल तर सांगा. वेबसाइटवरच्या व्याख्या वाचल्यात, त्या परत नका चिकटवू. प्लीज.


टवाळ_टप्पू

उत्तर एका ओळीत: साहेबांना जो आकडा हवा असतो तो टेबलावर बसून बनवतात. प्रोजेक्ट बदल, क्रिकेटचा विदा घे. तिथे निदान धावा मोजायला दोन अंपायर असतात.


विदावती

टप्पू, टेबलावर बनतात हे खरंय. फक्त ते टेबल साहेबांचं नसतं. फायर स्टेशनमधलं असतं, आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाच्या अंगाला अजून धुराचा वास येत असतो.

मी इंग्लंडमधल्या एका फायर अँड रेस्क्यू सर्व्हिसमध्ये डेटा क्वालिटी बघते. अशा ४४ सर्व्हिसेस आहेत इथे, त्यातली कुठली ते विचारू नका. क्रूने भरलेला रिपोर्ट सरकारकडे जायच्या आधी वाचायचा आणि काही खटकलं की स्टेशनला फोन लावायचा, हे माझं काम. फोन उचलल्यावर पलीकडून जो सुस्कारा ऐकू येतो त्यावरून मी आता वॉच (एका पाळीची तुकडी) ओळखते.

कोरा कागद, तुझ्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कुठल्याही तक्त्यात एक ओळ जन्माला कशामुळे येते ते आधी विचारायचं. आमच्याकडे ती आगीमुळे येत नाही, हजेरीमुळे येते. गाडी बाहेर पडून घटनास्थळी गेली की एक इन्सिडेंट, एक रिपोर्ट. तव्यावरचं पेटलेलं तेल तू झाकण टाकून स्वतःच विझवलंस आणि कुणाला फोन केला नाहीस तर आमच्या जगात ती आग लागलीच नाही. इंग्लंडमध्ये घरांच्या सर्वेक्षणात लोकांना थेट विचारलं गेलंय, गेल्या वर्षभरात घरी आग लागली होती का म्हणून. त्यात निघालेल्या बहुतेक आगी फायर सर्व्हिसपर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. त्यामुळे ‘आगी घटल्या’ हे वाक्य मी स्वतः कधी लिहीत नाही. ‘दलाने हजेरी लावलेल्या आगी घटल्या’ लिहिते. लांबलचक वाटतं, इलाज नाही.

तुझे हरवलेले फोन याच हिशोबात सापडतील. हायवेच्या कडेला गवत पेटलं की प्रत्येक गाडीवाला फोन करतो. कंट्रोल रूममधला ऑपरेटर पत्ता जुळवतो आणि नंतरचे फोन पहिल्याच इन्सिडेंटला जोडतो. काही फोनना गाडी पाठवायची गरजच नसते, ते बोलण्यातच मिटतात. त्या जुलैच्या दिवशी तर धुराचा एकेक लोट पाच-पाच मोहल्ल्यांतून दिसत असणार. बातमीवाल्यांनी फोन मोजले, फाइलने हजेऱ्या. खोटं कुणीच बोललं नाही.

आता रिपोर्ट कसा भरतात ते. २००९ च्या एप्रिलपासून इथे इन्सिडेंट रेकॉर्डिंग सिस्टम आहे, सगळे आयआरएस म्हणतात. त्याआधी कागद होता. मोठ्या आगीला एफडीआर१ नावाचा स्वतंत्र फॉर्म, आणि किरकोळ आगी व फॉल्स अलार्मची नुसती बेरीज वेगळ्या फॉर्मवर. म्हणजे २००९ च्या आधीच्या कचरापेटीच्या आगीबद्दल ‘एक’ यापलीकडे फारसं काही मिळणार नाही. तुझ्या आलेखात तिथे एक बारीक उभी रेघ मार. हल्ली आयआरएसच्या जागी नवा फायर अँड रेस्क्यू डेटा प्लॅटफॉर्म येतोय, तेव्हा काही वर्षांनी दुसरी रेघ मारावी लागेल.

फोन कधी आला, कुठल्या गाड्या कधी निघाल्या, कधी पोचल्या, पत्ता काय, हे कंट्रोलच्या सिस्टममधून आपोआप येतं. उरलेलं सगळं तिथे जो अधिकारी प्रमुख होता तो भरतो. आग कुठल्या खोलीत सुरू झाली, आधी काय पेटलं, कशामुळे, स्मोक अलार्म होता का, वाजला का, वाजला नसेल तर का नाही, किती भाग जळला. एक उत्तर दिलं की पुढचे प्रश्न उघडतात. पहाटे चारला आलेला माणूस हे सात वाजता भरतो, किंवा पुढच्या ड्यूटीला भरतो, कारण मध्येच दुसरा कॉल आलेला असतो. ‘इतर’ आणि ‘माहीत नाही’ हे दोन पर्याय सर्वांत लोकप्रिय का असतात ते तुला कळलं असेल. माझे निम्मे फोन या दोन शब्दांपायी.

जवळून एक नमुना दाखवते. फळ्या ठोकून बंद केलेलं घर, आत आग, दोन पंप (पाणी मारणाऱ्या गाड्या) गेले, कुणी जखमी नाही. अधिकाऱ्याने इमारत ‘डेरेलिक्ट’ टाकली. ओसाड, वापरात नसलेली. आता आमच्याकडे आगींचे दोन मोठे डबे आहेत, प्रायमरी आणि सेकंडरी. वापरातली इमारत, वाहन किंवा बाहेरचं बांधकाम पेटलं. किंवा कुणी मेलं, जखमी झालं, कुणाला बाहेर काढावं लागलं. किंवा पाच वा अधिक पंप लागले, तर प्रायमरी. यातलं काहीच नसेल तर सेकंडरी, म्हणजे गवत, कचरा, ओसाड इमारत वगैरे. (फक्त धुराड्यातच राहिलेली आग तिसऱ्या, छोट्या डब्यात जाते.) तर हे घर सेकंडरीत गेलं. पण खाली मोकळ्या मजकुरात त्याच माणसाने लिहिलेलं, ‘वीज कंपनीला बोलावून पुरवठा तोडला’. ओसाड घरात चालू वीज? फोन केला. वॉच मॅनेजर म्हणाला, मालक रंगरंगोटी करून घेत होता, फळ्या चोरांसाठी होत्या. मग ते ओसाड कसं? नाहीच. एक खूण काढली आणि एक आग कचऱ्याच्या डब्यातून उठून इमारतींच्या डब्यात गेली. हा मजकूर कुणी वाचला नसता तर ती तिथेच राहिली असती. देशभरात अशा किती राहतात ते मला विचारू नकोस.

तुझा दुसरा प्रश्न इथेच सुटतो. सरकार ठरावीक तारखेला सिस्टममधून एक प्रत उचलतं आणि त्यावरून तक्ते बनवतं. त्या दिवसापर्यंत न भरलेले, दुरुस्तीत अडकलेले रिपोर्ट पुढच्या प्रतीत येतात. आग नंतर वाढत नाही, कागद उशिरा पोचतो.

मृत्यूंच्या बाबतीत तर हे जास्तच. माणूस आगीत सापडला म्हणजे आगीने मेला असं नाही. आधी हृदय बंद पडलं आणि हातातली सिगारेट गादीवर पडली असंही असतं. ते कॉरोनर (अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) ठरवतो आणि त्याला महिने लागतात. तोवर रिपोर्टमध्ये ‘आगीमुळे का’ याचं उत्तर ‘माहीत नाही’. आणि प्रकाशित तक्त्यात हे ‘माहीत नाही’वाले आगीच्या मृत्यूंमध्येच धरतात. निकाल उलटा लागला तर आकडा खाली येतो. दुसरीकडे, भाजलेला माणूस दोन महिन्यांनी हॉस्पिटलमध्ये गेला तरी तो त्याच आगीच्या नावावर जातो, त्यामुळे वरही सरकतो. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीचं सगळ्यांना आठवत असेल. १४ जून २०१७ ची आग. सुरुवातीला पोलिसांचा अंदाज ८० च्या आसपास होता, नोव्हेंबरात ओळख पटवण्याचं काम संपल्यावर ७१ झाला, आणि तिथून वाचवलेली एक बाई जानेवारी २०१८ मध्ये गेल्यावर ७२. इमारत एकच, रात्र एकच. आणि हो, घटनांच्या तक्त्यात ती ‘एक’ आग आहे. कचरापेटीही एक आणि ग्रेनफेलही एक. मृत्यूंच्या आलेखात मात्र २०१७-१८ चा खांब एकटाच उंच दिसेल. त्याला ‘वाढता कल’ म्हणू नकोस रे बाबा, मागे एका प्रेझेंटेशनमध्ये ते ऐकून मी पाणी पिता पिता ठसकले होते.

आता ४० टक्के. फॉल्स अलार्मचे तीन प्रकार असतात. यंत्रामुळे, चांगल्या हेतूने, आणि खोडसाळपणाने. तू तिन्हींना एका रांगेत ‘फुकट’ म्हणतोयस. तिसरा प्रकार सर्वांत छोटा आहे. दुसऱ्यात शेजारच्या खिडकीतून धूर दिसला म्हणून घाबरून फोन करणारी आजी येते, आणि आम्हाला तिने दर वेळी फोन करायलाच हवाय. खरा ढीग पहिल्याचा: आपोआप वाजणाऱ्या अलार्म सिस्टम्स, करपलेले टोस्ट, बाथरूमची वाफ, डिटेक्टरमधला कोळी. इथेही हद्द धूसर आहे. टोस्ट करपला, अलार्म वाजला, कुणी काही विझवलं नाही, तर फॉल्स अलार्म. कपाटाचं दार काळं झालं तर घरातली प्रायमरी फायर. पण भांड्याचं हँडल वितळलं, गॅस घरातल्याने बंद केला आणि क्रूने फक्त खिडक्या उघडल्या तर? नियमपुस्तिका आहे, ट्रेनिंग आहे, तरी दोन वॉच दोन उत्तरं देतात. मी दोन्ही वाचलीत.

‘कुणी काही करत का नाही’ म्हणालास, तर करतात ना, आणि तिथेच आलेख फसवतो. स्कॉटलंडच्या सर्व्हिसने जुलै २०२३ पासून, जिथे कुणी झोपायला नसतं अशा बहुतेक कामाच्या जागांच्या ऑटोमॅटिक अलार्मला नुसत्या अलार्मवरून गाडी पाठवणं थांबवलं. आधी कुणीतरी आग आहे का बघून सांगायचं. लंडनने २९ ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक इमारतींसाठी सकाळी ७ ते रात्री साडेआठ या वेळेत तसंच केलं. अलार्म तितकेच वाजतात. गाडी जात नाही, म्हणून ओळ जन्मत नाही.

असाच दुसरा उंचवटा आगीव्यतिरिक्तच्या घटनांमध्ये दिसेल. २०१५ पासून बऱ्याच सर्व्हिसेसनी अ‍ॅम्ब्युलन्सच्या जोडीने हृदयविकाराच्या वगैरे कॉलना जायचा प्रयोग केला. आकडा चढला. सप्टेंबर २०१७ मध्ये युनियनने अंग काढून घेतलं, आकडा उतरला. लोकांची हृदयं मधल्या काळात जास्त बंद पडत नव्हती.

बाकी राहिलं ‘मुद्दाम लावलेली आग’. आमचं डेलिबरेट आणि पोलिसांचं आर्सन हे जुळवायला जाऊ नकोस. आमच्याकडे जागेवरच्या अधिकाऱ्याला तसा संशय आला तरी डेलिबरेट, पोलिसांकडे गुन्हा नोंदवला गेला तर आर्सन. एक तास वाचवला तुझा.

भारताचं मला नीट माहीत नाही. इथे कुणी असेल तर सांगेल.


टवाळ_टप्पू

ताई, शरणागती. डिटेक्टरमधला कोळी सरकारी आकडेवारीत येतो हे कळल्यावर लोकशाहीवरचा विश्वास बसला.


सुस्त_सर्जन

भारताचा भाग मी घेतो. रेसिडेन्सीत बर्न्स वॉर्डात होतो, त्या कागदांवर भरपूर सह्या केल्यात.

विदावतींची कसोटी लावा: ओळ कशामुळे जन्मते? एनसीआरबीच्या अहवालाला आकडे पोलिसांकडून जातात, ठाण्यातून वर चढत चढत. आणि पोलिसांची नोंद बहुतेक वेळा मृतदेहापासून सुरू होते. अनैसर्गिक मृत्यू, पंचनामा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. गोदाम जळून खाक झालं, कुणाला इजा नाही, तर त्या तक्त्यात ते शोधू नका. म्हणून ७,५६६ ला ७,४३५. ते ‘आगी’ आणि ‘आगीतले मृत्यू’ असे दोन आकडे नाहीतच. मृत्यूच दोन बाजूंनी मोजलेत. पुरावा हवा असेल तर त्याच तक्त्यातला जखमींचा रकाना बघा. तो मृतांच्या तुलनेत क्षुल्लक असतो. ज्याने एकदा तरी बर्न्स वॉर्ड पाहिलाय तो या रकान्यावर विश्वास ठेवणार नाही.

दलाच्या स्वतःच्या वर्दीच्या, म्हणजे आलेल्या कॉलच्या, नोंदी वेगळ्याच असतात. अग्निशमन हे घटनेच्या १२ व्या अनुसूचीत नगरपालिकांचं काम म्हणून दिलंय, तेव्हा ती वही महापालिकेकडे किंवा राज्याच्या दलाकडे. पोलिसांची वही आणि ती वही एकमेकींशी बोलतात असं समजू नका.

आता मृत्यू तरी नीट मोजतात का? भाजून आलेल्या माणसाचं मरण तीन वेगवेगळ्या वह्यांत जाऊ शकतं. अपघात म्हटलं तर आगीच्या अपघातात. स्वतः पेटवून घेतलं म्हटलं तर त्याच अहवालाच्या आत्महत्यांच्या भागात, तिथे ‘साधन’ म्हणून आग येते. कुणी पेटवलं म्हटलं तर गुन्ह्यांत. आणि हे ‘म्हटलं’ बरेचदा खाटेवरच्या बाईने, सासरचे दाराबाहेर उभे असताना, म्हटलेलं असतं. ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ आम्ही लिहून घ्यायचो. भाजण्याचा आकार बघून मनात काही वेगळं येत असलं तरी केसपेपरवर रुग्णाचंच वाक्य उतरतं.

शिवाय चौथी गळती आमच्याच लोकांची. रुग्ण दहाव्या-बाराव्या दिवशी सेप्टिसिमियाने जातो. दाखल्यावर तात्कालिक कारण सेप्टिसिमिया, आणि त्याखाली मूळ कारण म्हणून भाजणं लिहायचं असतं. रात्री दोनला थकलेल्या हाऊसमनने खालची ओळ कोरी सोडली की आगीचा एक मृत्यू जंतुसंसर्गाच्या खात्यात जमा.

हे किती मोठं आहे याचा अंदाज हवा तर ‘लॅन्सेट’मध्ये २००९ साली आलेला शोधनिबंध वाच. मृत्यूच्या कारणांच्या नोंदी आणि सर्वेक्षणं एकत्र करून त्यांनी २००१ या एका वर्षात भारतात आगीशी संबंधित १,६३,००० हून जास्त मृत्यूंचा अंदाज काढला. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यात साधारण ६५ टक्के स्त्रिया, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. हे वाचल्यावर ७,४३५ कडे ‘भारतातल्या आगींचे बळी’ म्हणून बघवत नाही.

तुझ्या प्रोजेक्टसाठी सल्ला: इंग्लंड आणि भारत एकाच आलेखात शेजारी ठेवू नकोस. परीक्षक हुशार असेल तर मार्क जातील, नसेल तर आणखी वाईट.


कोरा_कागद

ताई, डॉक्टर, काय बोलू. दोन तासांत सहा महिन्यांचा कोर्स झाला. भारत काढून टाकतो, त्यावर वेगळं टिपण लिहीन.

शेवटचे दोन प्रश्न. एक, अमेरिकेचे आकडे घेऊ का त्याऐवजी? दोन, ‘रिस्पॉन्स टाइम’ तरी घड्याळाने मोजलेला असणार, त्यात माणसाचं मत नाही. मग त्यावरच प्रोजेक्ट केला तर?


विदावती

डॉक्टर, ते खाटेवरच्या वाक्याचं वाचून थांबले थोडी. आमच्याकडे कारणाच्या रकान्यात संशयाला निदान जागा आहे.

अमेरिका. तिथे एनएफआयआरएस नावाची राष्ट्रीय पद्धत १९७० च्या दशकातली आहे, १९७४ च्या कायद्यातून निघालेली. देशपातळीवर तिच्यात भाग घेणं ऐच्छिक होतं, त्यामुळे सगळी दलं त्यात नाहीत. प्रत्येक घटनेला तीन आकडी कोड, उदाहरणार्थ १११ म्हणजे इमारतीतली आग, ११३ म्हणजे भांड्यापुरती राहिलेली स्वयंपाकाची आग. ११३ टाकला की भरायचे रकाने कमी होतात. पुढचं मी बोलत नाही, रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचार. बातम्यांत अमेरिकेचा जो एकूण आकडा दिसतो तो बहुधा एनएफपीए या संस्थेने दलांच्या नमुना सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज असतो. म्हणजे मोजदाद एकाची, अंदाज दुसऱ्याचा, आणि लोक दोन्ही मिसळतात. आता एनएफआयआरएस जाऊन एनईआरआयएस ही नवी पद्धत आलीय, त्यामुळे तिथेही आत्ताच रूळ बदललेत. घ्यायचेच तर २०२३ पर्यंतचे घे, आणि कुठल्या घरचे ते तक्त्याच्या डोक्यावर लिही.

रिस्पॉन्स टाइम. ‘त्यात माणसाचं मत नाही’ यावर कंट्रोल रूममध्ये चहाच्या वेळी हशा पिकेल. पोचल्याची वेळ कशी नोंदवली जाते माहितीय? गाडीतल्या स्क्रीनवर क्रूने ‘पोचलो’चं बटण दाबायचं असतं. समोर खिडकीतून ज्वाळा येत असताना, बाई किंचाळत असताना, ते बटण दाबणं हे कुणाच्या यादीत पहिलं असेल? मी असे रिपोर्ट बघते ज्यात आग विझल्यावर गाडी ‘पोचली’. उलटंही होतं, कोपऱ्यावर वळतानाच दाबून टाकतात. मग कंट्रोलचं वायरलेस लॉग काढून वेळ ताडून बघायची.

राष्ट्रीय तक्त्यात वेळ मोजतात ती फोन आल्यापासून पहिली गाडी पोचेपर्यंत. तीन तुकडे: फोनवरचं बोलणं, क्रू निघणं, प्रवास. इंग्लंडमध्ये प्रायमरी फायरची सरासरी हल्ली नऊ मिनिटांच्या आसपास असते. पण एक मिनिटाच्या आतल्या आणि एका तासावरच्या नोंदी हिशोबातून वगळतात, वेळांचा क्रम उलटासुलटा असलेल्याही वगळतात, आणि आग विझून गेल्यावर कळवलेल्या ‘लेट कॉल’ही. बरोबरच आहे ते. फक्त सरासरी काढताना किती ओळी गळल्या हे बघायची सवय लाव.

आणि सर्व्हिस स्वतःच्या पानावर जी वेळ छापते ती राष्ट्रीय व्याख्येची असेलच असं नाही. लंडनचं लक्ष्य आहे पहिली गाडी सरासरी ६ मिनिटांत, पण त्यांचं घड्याळ गाडी पाठवल्यापासून सुरू होतं. फोनवर ‘कुठल्या नाक्याजवळ म्हणालात?’ यात गेलेला वेळ त्यात नाही. सहाची नवाशी तुलना करून लंडन दीडपट वेगवान असं लिहिलेले लेख मी पाहिलेत.

ग्रामीण सर्व्हिस आणि शहरी सर्व्हिस यांची शर्यत तर लावूच नकोस. ग्रामीण भागातली बरीच स्टेशनं ऑन-कॉल असतात, तिथला फायरफायटर पेजर वाजल्यावर दुकान, वर्कशॉप किंवा घर सोडून स्टेशनला येतो आणि मग गाडी निघते. निघण्याच्या तुकड्यात त्यांची पाच मिनिटं जातात, आणि तो आळस नाही.

मी तुझ्या जागी असते तर विषय आवळला असता. फक्त अपघाती, फक्त राहत्या घरातल्या प्रायमरी फायर्स, २०१०-११ पासून पुढे, दर दहा लाख लोकसंख्येमागे. राहतं घर ओळखण्यात वाद कमी, अपघाती घेतल्याने पोलिसांचं त्रांगडं नाही, आणि सुरुवातीचं गोंधळाचं वर्ष टळतं. त्यात स्मोक अलार्म होता, वाजला, आणि वाजूनही उपयोग झाला नाही, असे तीन भाग पाड. ‘अलार्म का वाजला नाही’ हा रकाना माझ्या मते अख्ख्या सिस्टममधला सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. धूर डिटेक्टरपर्यंत गेलाच नाही, बॅटरी काढलेली, चुकीच्या जागी बसवलेला. इथून काहीतरी करता येतं.

मध्येच कंटाळा आला तर लंडनच्या दलाची प्राण्यांच्या सुटकेची फाइल उघड. २००९ पासूनची आहे, सगळ्यांना खुली. गटारात अडकलेले कोल्हे, छतावरची मांजरं, प्रत्येकाचा अंदाजे खर्चही दिलेला. गंमत म्हणजे त्यात ‘कॅट’ काही ओळींत मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि काहींत छोट्या, त्यामुळे न तपासता गट पाडले की मांजरांच्या दोन जाती निघतात. आधी अक्षरं सारखी करून घे. आणि ठिकाणाचे आकडे मुद्दाम जवळच्या पन्नास मीटरला गोल केलेले असतात, तेव्हा नकाशावर मांजर भलत्याच घराच्या छतावर दिसलं तर घाबरू नकोस.

एक राहिलं. फाइल उतरवशील तेव्हा त्या दिवसाची तारीख फाइलच्या नावातच टाक. साइटवरचं पान तेच राहतं, आतली फाइल बदलते, आणि तोंडी परीक्षेला तुझे आकडे आणि परीक्षकाच्या लॅपटॉपवरचे आकडे जुळले नाहीत तर दाखवायला तेवढं एकच असेल.